धामणखेडची जोडनाव

११ ऑगस्ट २०२४, खामगाव

आज पुण्याहून आल्हादचा फोन आला. परदेशातल्या कुठल्याशा संस्थेनं एक स्पर्धा जाहीर केली आहे. गरीब देशांत नदी-तलावांवर माणसांची ने-आण करायला सुरक्षित आणि स्वस्तात होणारी नाव तयार करायची. आराखडा कुणीही पाठवू शकतो. "बाबा, पस्तीस वर्षं तंत्रनिकेतनात मेकॅनिक्स शिकवलंत. हे तुमच्याशिवाय कोण करणार?" म्हणाला. पोराला बापाची योग्यता कळते, हे ऐकून बरं वाटलं.

परवा मी स्वयंपाकघरातले डबे वापराच्या वारंवारतेप्रमाणे लावून दिले होते. त्या संध्याकाळी प्रतिमा दार लोटून आल्हादशी बराच वेळ बोलत होती. आज मात्र ती फार खुशीत आहे. ही नवी वहीसुद्धा तिनंच आणून दिली. "रोजच्या नोंदी ठेवा. अगदी बारीकसारीक," म्हणाली. निवृत्तीनंतर माझ्या कामात तिनं पहिल्यांदाच एवढा रस घेतला.

२० ऑगस्ट

आठ आराखडे झाले. नाव सोळा अंश कलली तरी उलटणार नाही, हे गणितानं सिद्ध केलं. शेषरावला दाखवायला त्याच्या कारखान्यात गेलो. शेषराव माझा जुना विद्यार्थी. आता ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवतो, आणि त्याच्या ट्रॉलीचा सांधा उघडल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्यानं कागद उलटसुलट करून पाहिला. "सर, हे कोन्त्या पान्यासाठी हाय?"

"कुठल्याही."

"अन् मानसं कोन्ती?"

"कुठलीही. सत्तर किलो सरासरी धरलंय."

"तुमी सोता नावेत बसले कदी?"

मी म्हटलं, सूर्याचं वजन काढायला सूर्यावर जावं लागत नाही. तो हसला. त्याची सासुरवाडी धामणखेड. धरणाचं पाणी गावाला तीन बाजूंनी वेढून आहे. समोरच्या काठावर डांबरी रस्ता, एसटीचा फाटा. नावेनं गेलं तर दहा मिनिटं, रस्त्यानं तेवीस किलोमीटरचा वळसा. "एक डाव पाहून तं घ्या," म्हणाला.

३ सप्टेंबर

अक्षर वाईट येतंय. तरी लिहितो.

काल पोळा झाला. आज सकाळी शेषरावबरोबर स्कूटरनं फाट्यावरच्या काठाला पोचलो तेव्हा सात वाजले होते. सव्वासातची एसटी उभी होती. समोरून धामणखेडची नाव येत होती. पत्र्याची, जुनी. मागच्या टोकाला एक पन्नाशीची बाई वल्हं मारत होती. ती शालूबाई. नवऱ्याचा खांदा निकामी झाल्यापासून नाव तीच चालवते. नाव अठरा माणसांची. मी मोजली, एक्केचाळीस होती.

काठ दहा हातांवर आला आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्याबरोबर सगळे एकदम उठले आणि उजवीकडे सरकले. नाव कलली. आत पाणी शिरलं, अकरा-बारा माणसं पाण्यात पडली. मोठ्यांना छातीइतकं पाणी होतं. पण एक चारेक वर्षांची मुलगी दिसेनाशी झाली. शालूबाईनं वल्हं टाकलं, उडी मारली आणि त्या पोरीला फ्रॉकला धरून वर काढलं. तिला पालथी करून पाठीत थापट्या मारल्या. पोरगी रडली. रडण्याचा आवाज इतका चांगला वाटू शकतो हे मला माहीत नव्हतं.

शेषराव बुटासकट पाण्यात गेला होता. मी काठावर थांबलो. नोंदी घेणं आवश्यक होतं.

आता वही उघडून पाहतो, तर एकही आकडा लिहिलेला नाही.

४ सप्टेंबर

आठही आराखडे फाडले. प्रतिमानं तुकडे गोळा केले.

१५ सप्टेंबर

पुन्हा फाट्यावर गेलो. ऊन फार होतं म्हणून मी पलीकडे गेलो नाही. शालूबाईलाच निरोप धाडून इकडे बोलावलं. ती आली, बाभळीखाली बसली. सरपंच भागवतराव बरोबर होते. ते पुलाबद्दल बोलत राहिले. पुलाचा ठराव गावानं इतक्यांदा केलाय की त्यांना तो पाठ आहे.

मी शालूबाईला म्हटलं, "अठराच्या नावेत एक्केचाळीस माणसं तुम्ही घेताच कशी?"

"मी घेत नाई सर. थे येतात."

"पण मग दोन खेपा करा ना. तीन करा."

"करतो न. पाहाटे सहाले एक खेप सोडतो, साडेसहाले दुसरी. दोनी खाली येतात. आखरीच्या खेपेले सारं गाव."

"काऊन?" 'का?' ऐवजी माझ्याही तोंडून आमचीच बोली निघाली.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी वर्गात मागच्या बाकाकडे पाहायचो. "सहाले येऊन थांबाचं कोठी? पाहा बरं इकडे काई हाय का. पावसात लेकरू घेऊन उभं राहाचं? बायाईनं रोडवर तासभर मानसाईपुढे उभं राहाचं? त्याच्यानं सारे घरूनच टाइमावर निंघतात. नाव बुडते थे पान्यानं नाई बुडत सर. एसटीनं बुडते."

मी काठाकडे पाहिलं. खरंच, एक बाभूळ आणि एक मैलाचा दगड. बाकी काही नव्हतं.

घरी येताना वाटेत दोनदा स्कूटर थांबवून वहीत लिहिलं: नावेच्या आराखड्यात काठावर थांबायची शेडही.

२२ सप्टेंबर

नवा आराखडा एकच. दोन लांब, निमुळत्या, बंद नळ्या शेजारी-शेजारी ठेवायच्या, वर सपाट फळी जोडायची. एका धडाची नाव कलते, दोन धडांची सहजी कलत नाही. मी तिला जोडनाव म्हणतो. प्रत्येक नळीच्या आत पत्र्याचे पडदे घालून सहा-सहा कप्पे. एक फुटला तरी बाकीचे तरंगवतात. बाकं मधोमध, पाठीला पाठ लावून, पक्की बसवलेली. म्हणजे माणसं आपोआप मध्ये राहतात. वरती पक्कं छत नाही. छत केलं की कुणीतरी त्यावर चढणार. नुसती ताडपत्रीची सावली.

शेषराव म्हणाला, "सर, हे तं मी करतो. ट्रॉली बनवनारा कोनी बी करन." हे वाक्य मी स्पर्धेच्या अर्जात घालणार आहे. स्वस्त म्हणजे काय, याची याहून चांगली व्याख्या मला करता येणार नाही.

इंजिनाचा प्रश्न भागवतरावांनी सोडवला. विहिरीवर विजेची मोटर बसल्यापासून त्यांचं डिझेल इंजिन गोठ्यात पडून आहे. ते देतो म्हणाले. शिवाय खर्चाचं गावाशी मी बोलतो, म्हणाले. पुलाचं सोडून दुसऱ्या विषयावर त्यांना बोलताना पाहून शालूबाईलाही नवल वाटलं.

६ ऑक्टोबर

आठवडाभर एका प्रश्नावर अडलोय. नावेच्या बाहेरून तांबडा पट्टा मारायचा, तो पाण्याखाली गेला की भार जास्त झाला, अशी रीत आहे. शालूबाईनं एका वाक्यात ती मोडीत काढली. "पट्टा भाईर अन् मी अंदर. पाहीन कोन?" आणि पाहिलं तरी एकट्या बाईचं कोण ऐकणार? पट्टा बसलेल्या सगळ्यांना दिसायला हवा. कसा, ते सुचेना.

आज दुपारी प्रतिमा गच्चीवरून कपडे घेऊन आली. म्हणाली, "टाकीतला तो तरंगता गोळा पाहा. पाणी चढलं की दांडी वर येते, खाली अंगणातून दिसते. तसं काही तुमच्या नावेला बसवता येणार नाही का?" मी म्हटलं, टाकी वेगळी, नाव वेगळी. ती कपड्यांच्या घड्या करत बसली.

चहानंतर मला एक उत्तम कल्पना सुचली. फळीच्या मधोमध एक उभा पाइप बसवायचा, खालून पाण्याला उघडा. त्यात तरंगता गोळा, गोळ्यावर दांडी. माणसं चढतील तशी नाव खाली बसेल आणि दांडी वर येईल. दांडीचा खालचा भाग तांबडा रंगवायचा. चाळीस माणसं झाली की तांबडं दिसू लागेल, आणि ते दिसेल आधी बसलेल्या सगळ्यांना. मग ओरडायचं काम शालूबाईला करावं लागणार नाही. चाळीस जण करतील.

प्रतिमाला समजावून सांगितलं. "अरे वा," म्हणाली. तिला तांत्रिक गोष्टी हल्ली लवकर कळू लागल्या आहेत.

१४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. एक नळी पूर्ण, दुसरीचे पडदे बसवणं चालू. शेषरावच्या कारखान्यात ट्रॉल्या बाहेर उन्हात आणि नाव आत सावलीत आहे.

अर्ज आणि आराखडा कालच पाठवला. शेडसकट. शेडला धामणखेडच्या बायांनी सांगितल्याप्रमाणे तीन बाजूंनी आडोसा आहे आणि रस्त्याकडे पाठ.

एक गोष्ट लिहून ठेवतो, कारण बोलून दाखवता येत नाही. पस्तीस वर्षांत माझं गणित फळ्यावर चुकलं तर डस्टरनं पुसता यायचं. आता ते चुकलं तर त्या पोरीचा फ्रॉक आठवतो. काल पडद्यांची जाडी चार वेळा तपासली. चारही वेळा बरोबर आली, तरी पाचव्यांदा बसलो.

८ डिसेंबर

नाव दोन ट्रॉल्यांवर लादून आणली आणि फाट्याच्या काठावर पाण्यात सोडली. तरंगली. शेषरावनं नारळ फोडला.

मग परीक्षा. सरकी-ढेपेची पोती मोजून चढवली, साठ माणसांच्या वजनाची. दांडीवरचं तांबडं चांगलं वीतभर वर आलं. मग सगळी पोती एका बाजूला रचली. नाव कलली आणि कललेली राहिली, पाणी फळीपर्यंत पोचलं नाही. मग मीच सांगितलं, एका कप्प्याचं झाकण काढून पाणी भरा. भरलं. नाव थोडी तिरकी झाली, एवढंच. काठावर गाव जमलं होतं. कुणीतरी शिटी मारली.

पोती उतरवल्यावर शालूबाई म्हणाली, "या सर. पयले तुमी."

मी म्हटलं, मला काठावरून निरीक्षण करायचं आहे.

"पोत्याईचं झालं न निरीक्षण."

मी म्हटलं, चपला ओल्या होतील. मग म्हटलं, दुपारच्या आत खामगावला पोचायचंय. मग ती जवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "तुमाले पान्याचं भेव वाटते. मले पयल्या दिवशीच समजलं. त्याच्यात काई नाई सर. पन तुमीच बसले नाई तं गाव कसं बसन?"

मी स्कूटर काढली आणि निघून आलो. हे लिहिताना लाज वाटते आहे.

९ डिसेंबर

प्रतिमाला सांगितलं. मला पोहता येत नाही, पाण्यावर पाय ठेवायची भीती वाटते, लहानपणापासून.

ती पोळी लाटत होती. "ओंकारेश्वरला नर्मदेत होडीत बसायचं होतं, तर तुमची चप्पल हरवली. ती मला तुमच्याच पिशवीत सापडली," म्हणाली. "लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले." लाटणं थांबवून म्हणाली, "चौतीस वर्षं म्हणजे जरा जास्तच झाली, पण असू दे."

१५ डिसेंबर

प्रतिमा माझ्याबरोबर फाट्यावर आली. काठावर पोचताच पदर खोचून सरळ नावेत चढली, मधल्या बाकावर बसली आणि शेजारची जागा हातानं झाडली. माझ्यासाठी.

मी चढलो. कसा ते लिहिता येणार नाही. शेषरावनं एक दंड धरला होता. शालूबाईनं हँडल मारून इंजिन चालू केलं. सबंध वाट मी त्या दांडीकडे पाहत होतो. मध्यावर आल्यावर प्रतिमा म्हणाली, "अहो, वर पाहा." वर बगळे होते. मी पाहिले. अकरा होते.

पलीकडच्या काठावर गाव उभं होतं. मी उतरलो. भागवतरावांनी हार घातला. नंतर दिवसभरात मी सात वेळा इकडून तिकडे गेलो. सातव्या खेपेला प्रतिमा म्हणाली, आता मला घरी जायचंय.

२६ जानेवारी २०२५

नाव रोज चालू आहे. शेडही उभी राहिली. शेषरावनं ट्रॉलीच्या कमानी वापरल्या, बाकं बसवली. मंजुश्री नावाच्या एका बाईनं तिथे चहा आणि गरम आलूबोंडे सुरू केले.

आज मुद्दाम पहाटे जाऊन मोजलं. सहाच्या खेपेला चौदा. साडेसहाला एकवीस. शेवटच्या खेपेला अवघे तेरा. म्हाताऱ्या बाया सहालाच येऊन बसतात. एकीला विचारलं, एसटीनं कुठे जायचं? म्हणाली, "कोठीच नाई. चहाले आली."

१६ फेब्रुवारी

आज भागवतरावांच्या मुलाचं, राजकुमारचं लग्न. मुलगी वरवट बकाल गावची, राखी. वऱ्हाड धामणखेडहून नावेनं फाट्यावर आणि तिथून गाड्यांनी जायचं होतं. मला आणि प्रतिमाला नवरदेवाकडून आग्रहाचं निमंत्रण होतं, म्हणून आम्ही सकाळीच नावेनं धामणखेडला जाऊन वऱ्हाडात सामील झालो.

निघायला उशीर झाला. पहिल्या दोन खेपा गेल्या, आणि उरलेले सगळे एकदम तिसरीला चढले. बँडवाले, आहेराच्या पेट्या, नवरदेव, आत्या, मावश्या. दांडीवरचं तांबडं दिसलं. आधी बसलेल्या पोरी ओरडल्या, "तांबडं! तांबडं!" तरी माणसं चढतच राहिली. शालूबाईनं इंजिन बंद केलं आणि हाताची घडी घालून बसली.

"शालूबाई, मुहूर्त टळून राह्यला. चाल," भागवतराव म्हणाले.

"टळू द्या."

"माह्या पोराचं लगन हाय!"

"म्हनूनच."

भागवतराव माझ्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं. "सर, तुमीच बनोली न नाव. सांगा तिले. धा-पंधरा मानसं जास्त झाले तं चालते का नाई?"

चालतं. मला पक्कं माहीत होतं. साठ माणसांच्या वजनाची पोती मी स्वतः मोजून चढवून घेतलेली. वारा नव्हता, पाणी स्थिर होतं. पन्नास-पंचावन्न जणांना घेऊन ती नाव आरामात गेली असती. पस्तीस वर्षं मुलांना सांगत आलो की आकड्याशी खोटं बोलू नका.

शालूबाई माझ्याकडे पाहत नव्हती. पाण्याकडे पाहत होती.

मी म्हटलं, "नाही चालत, भागवतराव. उलटेल."

मग नवरदेव उठला. मुंडावळ्या सावरत, शेरवानी वर धरत राजकुमार काठावर उतरला. "मी मांगून येतो. बाया-लेकराईले जाऊ द्या," म्हणाला. नवरदेव उतरल्यावर त्याचे मित्र उतरले, मित्रांपाठोपाठ बँड उतरला. तांबडं दिसेनासं झालं. शालूबाईनं हँडल मारलं.

बँडवाले काठावर रिकामे उभे होते, त्यांनी तिथेच वाजवायला सुरुवात केली. पाण्यावरून आवाज चांगला येतो. नावेतल्या बाया नाचावं की नको या विचारात होत्या. शालूबाईनं मान हलवून नको म्हटलं, तर बसल्या जागी टाळ्या वाजवू लागल्या.

मुहूर्त टळला. गुरुजींनी पाऊण तासानं दुसरा काढून दिला. जेवताना भागवतरावांनी मला दोन जिलब्या आग्रहानं वाढल्या, म्हणजे रागावलेले नसावेत.

खोटं बोललो, हे खरं. त्याबद्दल वाईट वाटावं म्हणून मघापासून वाट पाहतो आहे. अजून तरी वाटलेलं नाही.

२ मार्च

स्पर्धेचं पत्र आलं. आपली निवड झालेली नाही. परीक्षकांना दांडीची कल्पना आवडली, पण काठावरची शेड हा नावेचा भाग होऊ शकत नाही, असं त्यांचं मत आहे. मी पत्र शालूबाईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याईले एक डाव सकाळी सहाले आना इकडे."

आल्हादला कळवलं. तो फार हळहळला आणि लगेच म्हणाला की कमी पाण्यात चालणाऱ्या शेगडीची, म्हणजे सौर चुलीची, अशी काहीतरी दुसरी स्पर्धा निघाली आहे. वाक्य गडबडीत जुळवल्यासारखं वाटलं. मी सांगितलं, वेळ नाही. पूर्णा नदीच्या वरच्या अंगाच्या दोन गावांची माणसं शेषरावकडे येऊन गेली आहेत. त्यांना जोडनावा हव्यात, आणि त्यांच्याकडे घाट उंच आहे, पायऱ्यांचा विचार निराळा करावा लागेल.

प्रतिमानं फोन मागून घेतला आणि आल्हादला म्हणाली, "आता राहू दे रे. काम झालं." कुठलं काम, ते विचारायचं राहून गेलं.

९ मार्च

आज काही काम नव्हतं. तरी गेलो.

दुपारची खेप. नावेत बारा-तेरा माणसं. माझ्यासमोर एक तरुण बाई बसली होती, मांडीवर तान्हं, पायाशी सामानाची पिशवी. माहेराहून येत असावी. नाव निघाली, वाऱ्याची झुळूक लागली, आणि थोड्या वेळात तिची मान कलंडली. शेजारी एक म्हातारी होती, तिच्या ओळखीचीही नव्हती बहुतेक. म्हातारीनं खांदा जरा पुढे केला, आणि बाळाखाली आपला हात घातला. बाई गाढ झोपली. तोंड किंचित उघडं.

मी शालूबाईकडे पाहिलं. तिनंही पाहिलं होतं. "इतके वर्सं नाव हाकतो," ती हळू म्हणाली, "कोनी झोपलं नोतं." आणि इंजिनाचा वेग कमी केला. दहा मिनिटांच्या वाटेला आज सोळा लागली. कुणी तक्रार केली नाही.

काठाला टेकलो तेव्हा धक्कासुद्धा जाणवला नाही. म्हातारीनं तिच्या गालाला हात लावला.

"उठ वं माय. उतराचं हाय."

तिनं डोळे उघडले, आधी बाळ चाचपलं, मग काठाकडे पाहिलं.

"एवढ्यात आलं?" म्हणाली.